तांब्याच्या पट्टीचा अर्धा हात

वडील दुर्गाघाटावर राहत्या घरीच विद्यार्थ्यांना गणित शिकवत. तेराव्या वर्षी विधवा होऊन मी माहेरी आले, तेव्हा त्यांनी माझ्याही हातात पाटी दिली. भाताच्या पातेल्याभोवती सुतळी गुंडाळून त्यांनी मला दाखवलं होतं, की व्यासाला बावीसनं गुणून सातनं भागलं की घेर येतो. ते गेले आणि माझी पाटी माळ्यावर गेली.

पुढं काही वर्षांनी दादाला रामनगरच्या एका यजमानाकडचं काम मिळालं. देवीसाठी साडेतीन हात व्यासाचा गोल लाकडी चौथरा तयार होता. त्याच्या कडेला तांब्याची नक्षीदार पट्टी बसवायची होती. दादानं म्हाताऱ्या ठठेऱ्याला, म्हणजे तांबटाला, साडेदहा हात पट्टी करायला सांगितली.

मी ताक घुसळत होते. ठठेरा गेल्यावर म्हणाले, "दादा, अकरा हात लागतील."

"व्यासाच्या तिप्पट घेर. आपल्याकडे असंच चालत आलंय."

"तिपटीहून जास्त असतो. बाबांनी..."

"तू ताकाकडे बघ."

पंधरा दिवसांनी ठठेरा पट्टी चौथऱ्याला लावून बघून ती घेऊन परत आला. तिच्यावर त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत वेल कोरली होती. "महाराज, आधा हाथ कम पड़ गई," तो म्हणाला.

"कम पड़ गई, या काटकर रख ली?" दादानं विचारलं.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. मला राहवलं नाही. मी ओसरीवर आले आणि दादाला म्हणाले, "पट्टी मोजून घे." ठठेऱ्यानं स्वतःच ती मोजून दाखवली. साडेदहा हात, तंतोतंत. मी कोळशानं फरशीवर हिशेब मांडला: अकरा. वहिनी मागून माझा पदर ओढत होती. दादानं फरशीकडं पाहिलंसुद्धा नाही. "आत जा," एवढंच म्हणाला, आणि ठठेऱ्याला अर्ध्या हाताचा तुकडा जोडायला सांगितला.

देवी बसली त्या दिवशी यजमानांनी जोड पाहून विचारलं, तर दादानं ठठेऱ्याची चूक म्हणून सांगितलं. जेवताना हे त्यानं आम्हाला हसत हसत ऐकवलं. मी ताटावरून उठले. माणूस हिशेबात चुकतो, त्याचा मला राग नव्हता. पण ज्यानं सांगितल्याप्रमाणे तंतोतंत करून आणलं, त्याच्या माथी चूक मारायची, आणि वर हसायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच नावेत बसून पलीकडे रामनगरला गेले. यजमानीणबाईंना सगळं सांगितलं, त्यांच्या अंगणात पुन्हा हिशेब मांडून दाखवला. त्यांनी यजमानांना बोलावलं. यजमानांनी ठठेऱ्याला बोलावून घेतलं आणि त्याला दोषी धरल्याबद्दल माझ्यासमोर त्याची क्षमा मागितली.

दादा माझ्याशी चार महिने बोलला नाही. नंतर बोलू लागला, पण विषय कधी निघालाच तर अजूनही म्हणतो, "त्या ठठेऱ्यानं घोटाळा केला होता." आणि प्रत्येक वेळी मी हातातलं काम टाकून त्याला अकराचा हिशेब पहिल्यापासून सांगते.