आमच्या शाळेत गोवर कसा आला

आमच्या शाळेत गोवर माझ्या घरातून आला, आणि त्या वर्षी शाळेचा आरोग्यप्रमुख मीच होतो.

हे पद मी मागितलं नव्हतं. बैठक चालू असताना मी चहा सांगायला बाहेर गेलो आणि परत येईपर्यंत माझं नाव वहीत चढलं होतं! पण ताप मोजायची ती बंदूक हातात आली आणि माझ्यातला माणूसच बदलला. कुरुंद्याच्या बाजूची आमची जिल्हा परिषदेची शाळा. रोज सकाळी मी फाटकात उभा, प्रत्येक कपाळावर नेम धरून. ताप, लाल डोळे, वाहतं नाक, काहीही दिसलं की घरी! (बंदूक कधीकधी फाटकालाही ताप दाखवायची, तो भाग वेगळा.)

एकदा तांड्यावरच्या वत्सलाबाई राठोड आपल्या पूजाला घेऊन आल्या.

"सर, ताप न्हाई तिला. नुस्तं नाक वाहून राहिलं."

"गोवर असाच सुरू होतो, बाई. परत न्या."

"मला हळदीच्या कामावर जायचंय. घरी तान्ही पोरगी बी हाय."

"नियम म्हणजे नियम! सगळ्यांना सारखा!"

वत्सलाबाई पूजाचा हात धरून आल्या वाटेनं गेल्या. पूजाला साधी सर्दी होती; दोन दिवसांत बरी झाली.

पुढे महिन्याभरानं माझी पोरगी ओवी सकाळी उठली ती तापानं फणफणलेली. डोळे लाल, नाक वाहतंय. दहा दिवसांपूर्वी मीच तिला नांदेडला एका लग्नाला नेलं होतं, तिथं दोन-तीन लेकरं खोकत होती. बायको सुनंदा माहेरी, जवळा बाजारला. सासूबाईंचा हात मोडला होता. आणि नेमके त्याच दिवशी केंद्रप्रमुख शाळा बघायला येणार होते. माझा आरोग्याचा तक्ता बघायला! मी ओवीला तापाचं औषध पाजलं, डोळ्यांवर पाणी मारलं आणि बजावलं, "कुणी विचारलं तर डोळ्यात धूळ गेली म्हणायचं."

फाटकात मीच तिच्या कपाळावर बंदूक धरली. ताप नाही. (औषध पाजल्यावर कुठून असणार?) मीच तिला आत सोडलं.

केंद्रप्रमुख दुसरीच्या वर्गात आले आणि लाडानं म्हणाले, "काय बाळांनो, कुणाला ताप-बीप?"

ओवी ताडकन उभी राहिली. "मला होता सर! पण पप्पांनी औषध देऊन उतरवला. आता डोळ्यात धूळ गेली म्हणायचंय."

सगळा वर्ग हसला. केंद्रप्रमुख हसले, त्यांनी ओवीचा गालगुच्चा घेतला. मुख्याध्यापक बाई हसल्या. सगळ्यांत मोठ्यांदा मी हसलो. आणि ओवी दिवसभर तिथंच बसली, दोन मैत्रिणींच्या मधे.

तिसऱ्या दिवशी तिच्या कानामागं पुरळ आलं. सुनंदा धावत आली, पोरीकडं बघून माझ्याकडं वळली.

"अहो, गोवराचा दुसरा डोस दिला होता ना तुमी?"

"मी? मला वाटलं तू नेलं होतंस!"

"माझ्या नोकरीची तवा बदली चालू होती! मी तुमाला फोनवर सांगितलं होतं!"

राहिलेल्या डोसांची यादी गावभर फिरून मीच केली होती. माझ्या पोरीच्या नावापुढं मी कार्ड न बघताच बरोबरची खूण ठोकून दिली होती. तरीही मी शाळेत काय कळवलं? "उष्णता झालीय." आरोग्यप्रमुखाचं निदान, कोण शंका घेणार!

पुढच्या दहा-बारा दिवसांत दुसरीची तीन लेकरं तापली, मग सात. त्यात पूजाही होती. गावात कुजबुज सुरू झाली, "तांड्यावरून आला हा रोग. तिथली माणसं सुया घेत न्हाईत." पारावर, पानटपरीवर, शिक्षकांच्या खोलीतही. मी ऐकत होतो. मला खरं माहीत होतं आणि मी गप्प बसलो. ह्या भागाला विनोद सापडत नाही. मी पुष्कळ शोधला.

मग कळलं, वत्सलाबाईंच्या तान्हीला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलंय. तिचं वय अजून पहिल्या डोसाचंही नव्हतं. मी गेलो. तळहाताएवढ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि छाती अशी उडत होती की मला बघवेना. वत्सलाबाई खाटेच्या कडेला बसलेल्या. मी सगळं सांगून टाकलं. औषध, धूळ, उष्णता, सगळं.

त्यांनी तान्हीचा मास्क नीट केला. मग म्हणाल्या, "माझ्या पोरीला तुमी परत पाठवलं, मी नेली. तुमच्या पोरीला काहून न्हाई पाठवलं, सर?"

मी तांब्या भरून आणतो म्हणालो आणि बाहेर पडलो.

तान्ही नवव्या दिवशी घरी आली. वाळून काटकी झालेली, पण रडायची मात्र खणखणीत. त्याच आठवड्यात मी पालकांची सभा बोलवायला लावली आणि उभा राहून सांगितलं, "गोवर तांड्यावरून न्हाई आला. माझ्या घरातून आला. मी लपवलं."

मुख्याध्यापक बाई जमिनीकडं बघत होत्या. सुनंदा माझ्याकडं बघत होती (ते जास्त वाईट). शेवटी तांड्याचे प्रमुख, म्हातारे नाईक, काठीवर जोर देऊन उठले.

"आजवर ह्या सरांनी सुईची लई कागदं वाटली. आमाला वाटलं, सरकारी काम हाय. पर आज खोटं बोलणाऱ्या माणसाला बी भर सभेत खरं बोलावं लागलं. म्हंजी रोग खरा हाय. चला रे, उद्या सगळी लेकरं सुईला आणा!"

दुसऱ्या दिवशी शाळेत अशी रांग लागली की नर्सबाईंना दुपारी लस परत मागवावी लागली. वत्सलाबाईही आल्या, कडेवर तान्ही घेऊन. तिचा डोस पुढं होता, पण बाकीच्यांना रांगेत उभं करायला आल्या होत्या. मला रांगेच्या शेवटी जाऊन खुर्च्या उचलायला सांगितलं, एवढंच.

तेव्हापासून तालुक्यात कुठलं गाव लसीला तयार नसलं की मला बोलवतात. ओळख करून देणारे म्हणतात, "हेच ते सर!" कशाचे, ते कुणी सांगत नाही. मी सगळी गोष्ट सांगतो, लोक मन लावून ऐकतात. आणि भाषण संपलं की टाळ्या वाजवण्याआधी प्रत्येक आई आपलं लेकरू हळूच माझ्यापासून चार हात लांब ओढून घेते!