पथ्यकर कॅप्टनांची प्रकृती

कंपनीत त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे त्यांना पथ्यकर म्हणत. बावन्न वर्षांचा खणखणीत माणूस, दोन-दोन पायऱ्या एकदम चढणारा. पण वर्षातून एखाद्या वेळी, नेमकं उड्डाणाच्या तासभर आधी, यांचं पोट बिघडायचं. सोंग पुरतं वठावं म्हणून ते घरून उकडलेल्या भाज्यांचा डबा आणत आणि चारचौघांसमोर तोंड वाकडं करून खात. वैमानिकांच्या खोलीत चेष्टा चालायची, "पथ्यकरांना विचारा रे, आजचं विमान त्यांना मानवतंय का!" चेष्टा करणाऱ्यांना आतली गोष्ट माहीत होती आणि ती त्यांना माहीत आहे हे पथ्यकरांनाही माहीत होतं. त्यांच्या पोटाला काही झालेलं नसे. जे काही झालेलं असे ते विमानाला.

नियम तसा सरळ आहे. विमानात खोट आढळली की कॅप्टनने ती विमानाच्या वहीत लिहायची. एकदा लिहिली की इंजिनियरने दुरुस्ती करून तिच्याखाली सही करेपर्यंत ते विमान जागचं हलत नाही. झोपेचंही तसंच. दोन कामांच्या मध्ये दहा तास विश्रांती. ती पुरी झाली नसेल तर वैमानिकाने नाही म्हणायचं आणि कारण लिहून द्यायचं. यासाठी दोनच गोष्टी लागतात, एक पेन आणि एक छाती. पेन कंपनी देते.

पथ्यकरांना छातीच नव्हती असं म्हटलं तर अन्याय होईल. तरुणपणी होती. पण ते सहवैमानिक असताना त्यांच्या कॅप्टनने एकदा वहीत दोन ओळी लिहिल्या, दाराचं रबर गळतंय म्हणून. विमान दिवसभर उभं राहिलं, दोन फेऱ्या रद्द झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्या कॅप्टनना 'कौशल्य तपासणी'चं बोलावणं आलं. तपासणी सात महिने चालली. पंचवीस वर्षं आकाशात काढलेल्या माणसाला कालच्या पोरांबरोबर बाकावर बसवून पंख कशाला म्हणतात ते शिकवलं. पथ्यकरांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि मनाशी गाठ मारली : खराब विमान उडवायचं नाही, पण वाईटपणाही घ्यायचा नाही. बायकोचा भाऊ डॉक्टर होता, ते एक बरंच झालं. मेव्हण्याची चिठ्ठी फोनवर मिळायची. अकरा वर्षांत अशा तेरा चिठ्ठ्या कंपनीत जमा झाल्या, आणि पथ्यकर त्या तेराही दिवशी सुखरूप घरी जेवले.

बायको मात्र दर वेळी ताट वाढताना एकच विचारायची.

"अहो, तुम्ही आलात, बरं झालं. पण मग ते विमान कुणी नेलं?"

"नेलं असेल कुणीतरी."

त्या कुणीतरीचा चेहरा पाहायचा नाही, हे त्यांचं खरं पथ्य होतं. कारण वहीत काही लिहिलेलं नसे, त्यामुळे कागदावर विमान ठणठणीत असे. आजारी फक्त कॅप्टन. मग रोस्टरवाली बाई, म्हणजे कुणी कुठलं विमान न्यायचं ते ठरवणारी, फोन घेऊन बसायची. कोण नाही म्हणणार नाही याची यादी तिला तोंडपाठ होती. नुकताच कॅप्टन झालेला, अजून कायम न झालेला, घरात लहान मूल असलेला. त्या यादीत सगळ्यात वर एक तरुण होता. त्याला सगळे होयबा म्हणत. पथ्यकरांच्याच हाताखाली चार वर्षं शिकलेला. हुशार, हाताला हलका, पण समोरच्याला नाही म्हणताना याची जीभ टाळ्याला चिकटायची.

त्या दिवशी पथ्यकरांनी सकाळी चाळीस आसनांचं विमान आणलं. उतरताना डावा ब्रेक मऊ लागला. पाय दाबला तर तो आत गेला, पण पकड उशिरा आली, आणि नाक उजवीकडे ओढलं गेलं. त्यांनी ते सावरलं. प्रवाशांना कळलंसुद्धा नाही. दुपारी तेच विमान घेऊन त्यांना आखूड धावपट्टीच्या एका गावी जायचं होतं. खाली उतरून त्यांनी इंजिनियरला बाजूला घेतलं.

"डावा ब्रेक बघ रे. काहीतरी गडबड आहे."

इंजिनियरने फडक्याला हात पुसले. "लिहिताय का, सर? लिहिलंत तर विमान इथेच बसणार. सुटा भाग यायला दोन दिवस. वरून मला फोन येणार आणि तुम्हालाही. नाहीतर उद्या मुख्य तळावर गेलं की बघू निवांत."

वही पथ्यकरांच्या मांडीवर उघडी होती. पेन हातात होतं. त्यांनी खाली सही केली, वरचा रकाना कोरा ठेवला, आणि वही मिटून जागेवर ठेवली. मग वैमानिकांच्या खोलीत जाऊन पोटावर हात ठेवून रोस्टरवालीला फोन केला. बारा वाजता ते घरी होते.

साडेचारला बायकोने टीव्ही लावला आणि त्यांना हाक मारली. आखूड धावपट्टीच्या शेवटी विमान उजवीकडे घसरून नाल्यात आडवं पडलं होतं. सगळे वाचले. पण पुढचा भाग आत चेपला होता, आणि कॅप्टनला कटरने पत्रा कापून बाहेर काढावं लागलं. दाखवलेला चेहरा रक्ताने माखलेला होता, तरी पथ्यकरांनी ओळखला. होयबा होता. बायकोने टीव्हीचा आवाज बंद केला. 'विमान कुणी नेलं' हे नेहमीचं तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

चौकशी दोन महिन्यांनी बसली. तोवर बातमी पसरली होती : होयबा पहाटेपर्यंत काम करून घरी जाऊन झोपला होता, सहा तासांत त्याला उठवलं, आणि 'विश्रांती पुरी झाली' या ओळीखाली त्याने सही केली. कंपनीला आणखी काय हवं होतं! झोपाळू वैमानिक, स्वतःच्या सहीने अडकलेला. नाल्यात डावं चाक मुळापासून तुटलं होतं, त्यामुळे ब्रेक आधी निकामी झाला की नंतर हे सांगता येत नव्हतं. वहीत तर काहीच नव्हतं. ब्रेक सकाळपासूनच मऊ होता हे छातीठोक सांगू शकणारा आता एकच माणूस उरला होता.

पथ्यकर तीन रात्री झोपले नाहीत. खरं बोललं तर मेव्हण्याचा दवाखाना बुडणार होता, आणि स्वतःचं विमान कायमचं सुटणार होतं. नाही बोललं तर त्या पोराचं नाव कायमचं काळं होणार होतं. बायकोला त्यांनी सगळं सांगितलं. ती स्वतःच्या भावाबद्दल एक शब्द बोलली नाही. "सांगून टाका," म्हणाली, "चौदा वेळा गप्प बसलात तेवढं पुरे."

आणि त्यांनी सांगितलं. समितीसमोर ताठ उभं राहून सांगितलं. ब्रेक मऊ होता, मी इंजिनियरला बोललो, वहीत लिहिलं नाही, पोट बिघडल्याची थाप मारली.

इंजिनियरला बोलावलं. तो म्हणाला, "मला हे काही बोलले नव्हते, साहेब." त्याने पथ्यकरांकडे पाहिलंही नाही. पथ्यकरांना त्याचा राग आला नाही, कारण त्यालाही त्याच शाळेत शिकवलं होतं.

अध्यक्ष सभ्य माणूस होते. त्यांनी चष्मा पुसला आणि तेरा चिठ्ठ्या टेबलावर एकीखाली एक मांडल्या. चौदावी, त्या दिवशीची, सगळ्यात शेवटी.

"कॅप्टन, या तुमच्याच ना?"

"हो. सगळ्या खोट्या आहेत."

"म्हणजे चौदा वेळा तुम्ही कंपनीशी खोटं बोललात, आणि आज खरं बोलताय?"

"हो."

"तो तुमच्या हाताखाली शिकलाय. तुमचा जीव तुटतो, हे आम्ही समजू शकतो." अध्यक्षांनी चिठ्ठ्या गोळा केल्या. "पण आम्हाला कागदावरून चालावं लागतं. आणि तुमचे सगळे कागद म्हणतात की विमान ठीक होतं आणि तुम्ही आजारी होतात."

पथ्यकरांच्या अंगाची लाही लाही झाली. पण भांडणार कुणाशी? प्रत्येक कागदावर सही त्यांची स्वतःची होती. अकरा वर्षं त्यांनी स्वतःला वाचवण्यासाठी जी भिंत बांधली होती ती इतकी मजबूत निघाली की तिच्यातून त्यांचाच आवाज बाहेर जाईना. अहवालात ठपका होयबावर आला. पुरेशी झोप नसताना काम स्वीकारलं, थकव्यामुळे विमान सावरता आलं नाही. पथ्यकरांबद्दल एक ओळ होती : त्यांचं निवेदन पुराव्याशी जुळत नाही.

ते होयबाच्या घरी गेले. दुसरा मजला, अरुंद खोली, खिडकीशी पलंग. कंबरेला पट्टा बांधून तो उशांना टेकून बसला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चालेल, पण उडणार नाही. त्याच्या बायकोने खुर्ची पुढे सरकवली आणि मुलीला घेऊन ती आत गेली.

पथ्यकर शिव्या खाण्याच्या तयारीने आले होते. दोन शिव्या मिळाल्या असत्या तर त्यांना हलकंच वाटलं असतं. पण हा जन्माचा होयबा, सरांसमोर नीट बसता येत नाही म्हणून ओशाळत होता.

"सर, तुम्ही माझ्यासाठी तिथे बोललात, फार झालं."

"फार काय झालं? माझ्यामुळे तू इथे पडलास. ज्या दिवशी बोलायचं त्या दिवशी मी बोललो नाही."

होयबाने चादरीची घडी हाताने सारखी केली.

"एक सांगू का, सर? रागावून नाही सांगत. रोस्टरवाल्या बाईचा फोन आला तेव्हा माझे डोळे उघडत नव्हते. मी तिला म्हटलंसुद्धा, बाई, सहाच तास झालेत, आज नाही जमायचं. आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून नाही निघालं होतं. तर ती म्हणाली, विमान सकाळीच पथ्यकरांनी आणलंय, वही स्वच्छ आहे, नुसतं जाऊन यायचंय."

मग तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "मला वाटलं, तुमच्या हातून आलंय आणि तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणजे काळजीचं काहीच नसणार. म्हणून हो म्हटलं."