वाटीभर मैदा

“वाटीभर पीठ द्या जी.”

कोणाच्याही घरात शिरल्यावर त्यांचं पहिलं वाक्य हेच. चपला दाराबाहेर, घडीची शिडी भिंतीला टेकवलेली, आणि मग हे. आमच्याकडे ते पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, जनावर काढायच्या निमित्ताने शिधाही मागतात की काय. मी मनातल्या मनात नाक मुरडलं आणि डब्याच्या तळाशी राहिलेली, सोनकिडे झालेली कणीक वाटीत काढून दिली. त्यांनी ती चिमटीत घेऊन बघितली. “चालते,” म्हणाले, “खायाची नाही, जमिनीवर टाकाची हाये. मैदा असंल तं अजून बरं.” मी ओशाळून मैद्याचा डबाच पुढे केला.

मी तेव्हा शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते आणि कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते. हे काम ज्यांनी केलं आहे त्यांना वेगळं काही सांगायला नको. मुलगा हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत लागला होता. त्या दोन-तीन वर्षांत आमच्या गल्लीत ज्याचा मुलगा कंपनीत लागेल त्याच्या हॉलचं छत फूटभर खाली यायचं आणि त्यात पिवळे दिवे लागायचे. आमचंही आलं. एसीच्या पाइपसाठी गवंड्याने गॅलरीच्या भिंतीत गरजेच्या तिप्पट भोक पाडलं आणि तसंच सोडून दिलं. चार महिन्यांनी आमच्या नव्याकोऱ्या छतात कोणीतरी बिऱ्हाड केलं.

आधी झुरळांचं औषध मारणारा एक माणूस बोलावला होता. तो म्हणाला, विषाच्या गोळ्या टाकतो, दोन दिवसांत आवाज बंद. मुलगा तयार झाला होता. मलाच ते ‘आवाज बंद’ ऐकवेना. मग शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनने यांचा नंबर दिला.

यांनी शिडीवर चढून छताला तळहात लावला, तो हुंगला आणि उदमांजर आहे असं सांगितलं. “पण आदी बाळंतीण हाये का ते पाहू.” मग गॅलरीच्या दारापासून भोकाखालच्या जुन्या कपाटापर्यंत त्यांनी मैद्याचा पट्टा पसरला, रांगोळीचा हात असलेल्या बाईसारखा, पातळ आणि एकसारखा. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावर पावलं होती. त्यांनी ओणवं होऊन ती वाचली. बाळंतीण होती.

त्यांची पद्धत अशी, की पिंजरा नाही, धूर नाही, काठी नाही. वनखात्याला एक फोन करायचा आणि छताखाली दिवसभर रेडिओ लावून ठेवायचा. दिवसा झोपायला मिळालं नाही की आई जागा बदलते. अंधार पडला की एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते. आमच्या रेडिओवर तेव्हा सारखा शेअरबाजार चालायचा. कोणतीही शहाणी आई त्याला कंटाळून निघाली असती. गुरुवारी पहाटे मैद्यावर येण्याजाण्याची गर्दी उमटली होती. ते म्हणाले, “दोन पोरं नेली.” तोंडात पिल्लू असलं की पुढचे पाय जास्त रुततात, हे त्यांनी मला त्या दिवशी दाखवलं.

मग आता भोक बंद करा, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. लागोपाठ दोन सकाळी पीठ कोरं दिसल्याशिवाय ते जाळी ठोकत नसत. कधीकधी एक मागे राहतं आणि आई त्याच्यासाठी परत येते.

एवढी काळजी कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी एकदाच सांगितलं, आणि तेही शिडी पुसता पुसता. ते मूळचे चंद्रपूरकडचे. पुण्यात आले ते फॉल्स सीलिंगच्या कामावर. आमच्यासारख्यांची कितीतरी छतं त्यांनी खाली आणली होती. एका घरी वर्षभराने दिवे बदलायला म्हणून स्वतःच बसवलेलं छत कापलं, तर आत तीन पिल्लं वाळून पडलेली. “मीच बंद केली होती जी,” म्हणाले. त्यानंतर त्यांनी छतं बसवणं सोडलं आणि छतं रिकामी करणं धरलं.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून पुढचं सांगताना मला आजही लाज वाटते.

रविवारी मुलाला बघायला पाहुणे येणार होते. छताला कोपऱ्यात पिवळा डाग पडला होता आणि हॉलमध्ये वास होता. शुक्रवारी पीठ कोरं निघालं. शनिवारी सकाळी ते लोणी काळभोरला एका कॉलेजच्या इमारतीवरची मधमाश्यांची पोळी हलवायला गेले होते, म्हणून बघायचं काम माझ्याकडे दिलं. आणि मी काय केलं असेल? रोजच्यासारखी साडेपाचला उठले, केरसुणी घेतली आणि अर्ध्या झोपेत गॅलरी लख्ख झाडून काढली. सुपलीत मैदा दिसला तेव्हा कुठे जागी झाले.

त्यांचा फोन आला. पीठ कसं आहे? मी म्हटलं, कोरं.

“सोताच्या डोळ्यांनं पाह्यलं ना मॅडम?”

“अहो, मी खोटं कशाला सांगीन?”

तीस वर्षं मी मुलांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं केलं होतं. मला स्वतःला किती सहज जमलं. ते म्हणाले, मग वॉचमनकडून जाळी ठोकून घ्या. घेतली.

रविवारी पाहुणे पोहे खात होते. मुलीचे वडील पगाराबद्दल आडून आडून विचारत होते. तेवढ्यात छतातून आवाज आला. बारीक, चिरका, मग थांबला, मग परत आला. त्यांनी वर बघत विचारलं, “वरच्या मजल्यावर कोण राहतं?” आमचाच मजला शेवटचा होता, हे त्यांना जिना चढताना कळलं असणार.

मी स्वयंपाकघरात जाऊन वॉचमनने दिलेल्या त्या नंबरावर फोन केला. ते स्कूटरवरून दीड तासात आले. तोवर पाहुणे निघून गेले होते. ते स्थळ पुढे सरकलं नाही. मुलीकडच्यांनी पत्रिकेचं कारण दिलं.

शिडी घेऊन ते थेट गॅलरीत गेले. जाळीची बाहेरची बाजू ओरबाडलेली होती आणि एका तारेला रक्त लागून वाळलं होतं. रात्रभर आई बाहेर होती आणि पिल्लू आत. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. मुलाला सतरंजी अंथरायला सांगितली आणि करवत घेऊन आमचं नवं छत कापायला लागले. भुगा त्यांच्या केसांत पडत होता. पहिल्या भोकात काही नाही, दुसऱ्यात काही नाही. आवाज कधीच थांबला होता. तिसऱ्या भोकात त्यांनी खांद्यापर्यंत हात घातला आणि मुठीएवढं काहीतरी बाहेर काढलं. ते हलत नव्हतं. त्यांनी शर्टाची दोन बटणं काढून ते छातीशी धरलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. बराच वेळ तसेच बसून होते.

मला राहवेना. मी सांगून टाकलं, की मी पीठ झाडून टाकलं होतं, बघितलंच नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “सांगतलं असतं तं अजून एक सकाळ थांबलो असतो जी. इतकंच.”

ते चिडले असते तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने शर्टाच्या आत हालचाल झाली. संध्याकाळी त्यांनी बुटांच्या खोक्यात फडकी घातली, खाली गरम पाण्याची बाटली ठेवली, पिल्लाला आत झोपवलं आणि खोकं गॅलरीत ठेवून भोवती मैदा पसरला. आम्हाला दार लावून घ्यायला सांगून निघून गेले. सकाळी उजाडताच पुन्हा हजर. मी दार उघडलं तेव्हा खोकं रिकामं दिसत होतं, तरी त्यांनी आधी पीठ पाहिलं. पुढचे पाय रुतलेले होते. “घेऊन गेली,” म्हणाले. मी रडले. त्यांनी चहा घेतला नाही.

पुढे आठ-नऊ वर्षं ते आमच्या सोसायटीत येत राहिले. कधी घुबड, कधी वटवाघळं, कधी पाण्याच्या टाकीत पडलेलं खारीचं पिल्लू. माझ्याशी तेवढ्याच आदराने बोलत. पण पीठ कसं आहे हे त्यांनी मला फोनवरून पुन्हा कधी विचारलं नाही. हडपसरला असोत की वाघोलीला, पहाटे स्वतः येऊन बघून जात. स्कूटरचा आवाज आला की मला कळायचं, ही चक्कर माझ्यामुळे आहे. पीठ मात्र दर वेळी माझ्याच घरचं न्यायचे.

आता ते पुण्यात नाहीत. गुडघे गेले तेव्हा गावी परतले. हल्ली मोबाइलवरून माणूस मागवता येतो. तो गणवेशात येतो, फोटो काढतो आणि पीठ मागत नाही.

त्यांचं आमच्याकडचं शेवटचं काम गच्चीच्या दाराजवळच्या माळ्यावरचं होतं. तिथेही बाळंतीणच. जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर त्यांनी बसून बसून मैदा पसरला. पिल्लं नेल्यावरची पहिली सकाळ कोरी गेली. दुसऱ्या दिवशी मी साडेपाचला स्कूटरची वाट बघत होते, तर फोन वाजला.

“गुडघा उचलत नाही आज. मॅडम, तुमी पाहून सांगा.”

मी चष्मा लावला, बॅटरी घेतली आणि पायऱ्या चढून गेले. वाकून बघितलं, मग खाली बसून बघितलं. सगळा मैदा कोरा होता. फक्त कठड्याच्या कडेला एक ठसा होता, अर्धामुर्धा.

“एक पाय आहे,” मी म्हटलं. “आत गेलेला की बाहेर, मला कळत नाही.”

मग म्हणाले, “मंग थांबू जी. अन् झाडू नका.”

ते हसत होते.

आमच्या बिल्डिंगचा जिना पुढे चार दिवस झाडला गेला नाही. तीन सभासदांनी सेक्रेटरीच्या नावे लेखी तक्रार दिली. मी ती व्यवस्थित फाइलला लावून ठेवली आहे.