नऊ जोड्या आणि एक

माझी पत्नी प्रभूकडे गेली, त्या वर्षी मी प्रार्थना करणं सोडलं होतं. रविवारी उपासनेला जायचो, गीताचं पुस्तक उघडायचो, ओठ हलवायचो आणि इंदिरानगरला घरी येऊन सकाळच्या पोळ्या तशाच गार खायचो. नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. पाटबंधारे खात्यात उभा जन्म नकाशे काढून मी नुकताच निवृत्त झालो होतो. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. घरात बोलणारा एक रेडिओ तेवढा होता. देवावर माझा राग होता, आणि खरं सांगायचं तर माणसांवरही होता. पत्नी म्हणायची, "तुमचा राग नाकाच्या शेंड्यावर, आणि त्यात नाक मोठं." ती होती तोवर मला त्याचं हसू यायचं.

आमच्या चर्चच्या मंडळीत तेव्हा एक छान पद्धत होती. महिन्यातून एकदा, दुसऱ्या शनिवारी, वीसेक जण मिनीबस करून शहराबाहेर जायचे आणि दिवसभर रानातून चालायचे. कधी त्र्यंबकच्या बाजूला, कधी दिंडोरीकडच्या टेकड्यांवर. वर पोचलं की एक स्तोत्र वाचायचं, डबे सोडायचे, गीतं म्हणत उतरायचं. आम्ही त्याला रानसंगती म्हणत असू. ती चालवणारे गृहस्थ जुने शिक्षक होते, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. प्रभूने शिष्यांना दोघे दोघे करून पाठवलं, तेव्हा आपणही जोडीनेच चालायचं, हा मास्तरांचा नियम. निघताना प्रत्येक जोडीला एक आकडा मिळे. परत बसमध्ये बसल्यावर मास्तर आकडे पुकारत आणि जोडीतला एक जण "हजर" म्हणे. माणसं मोजायची नाहीत, जोड्या मोजायच्या. एखादा मागे राहिलाच तर त्याचा जोडीदार ओरडेल की, असं मास्तरांचं म्हणणं, आणि इतक्या वर्षांत ते कधी खोटं ठरलं नव्हतं.

पत्नी गेल्यावर तीन जणांनी मला जोडीला बोलावलं. त्यांना माझी कीव येते आहे, असं मी धरून चाललो आणि तिघांनाही नाही म्हटलं. सगळ्यांच्या मागे एकटा चालू लागलो. पहिले दोन महिने जोड्या पुकारून झाल्या की मास्तर माझ्याकडे बघून हळूच "आणि एक" म्हणत. ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिसऱ्या महिन्यात मी सगळ्यांदेखत म्हणालो, "मास्तर, ते 'आणि एक' बंद करा. मी काय उरलासुरला माणूस आहे?" मास्तर ओशाळले. पुन्हा त्यांनी ते म्हटलं नाही. त्यांनी ते इतक्या लगेच बंद केलं, याचाही मला रागच आला.

नाताळनंतरच्या जानेवारीत आम्ही दिंडोरीकडच्या एका टेकडीवर गेलो. वर्षापूर्वी पत्नी शेवटची चालली ती याच टेकडीवर. पायथ्याला शेवंतीचं शेत आहे आणि त्याच्या बांधावरून वर जायची वाट आहे. नऊ जोड्या पुढे गेल्या, मी मागून गेलो. जेवणं झाली, सगळे उतरायला लागले, तेव्हा मी कोणाला न सांगता टेकडीच्या पलीकडे वळलो. मागच्या वर्षी ती दम खायला जिथे बसली होती, तो दगड मला शोधायचा होता. दगड सापडला. मी बसलो. तिथे बसलं की ती जवळ असल्यासारखं वाटेल, अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. दगड होता, वारा होता आणि मी होतो.

उठलो तेव्हा मंडळी बरीच खाली गेली होती. या भागाचा नकाशा मी स्वतः काढलेला. ओहोळातून जवळची वाट आहे, हे मला पाठ. पण कागदावर ओहोळ म्हणजे एक निळी रेघ असते, आणि प्रत्यक्षात तिथे सुटे गोटे होते. चार पावलं उतरलो असेन, पाय मुरगळला आणि मी जो खाली बसलो तो मला उठताच येईना.

आता जे लिहितो आहे ते कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. खालून गीत ऐकू येत होतं. मला ते ऐकू येत होतं म्हणजे माझी हाकही त्यांना ऐकू गेली असती. मी हाक मारली नाही. बघू तरी कोणाला माझी आठवण होते का, असं मी ठरवलं. देवालाही तेच म्हणालो. कित्येक महिन्यांत मी त्याच्याशी बोललो ते एवढंच: "कोणी आलं नाही तर तुझं माझं संपलं. तुझ्या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाही." थोड्या वेळाने बस सुरू झाल्याचा आवाज आला आणि हळूहळू तो लांब गेला. नऊच्या नऊ जोड्या हजर होत्या. माझ्या नावाने ओरडणारं कोणी नव्हतं, कारण तसं कोणी मी ठेवलंच नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

भीती वाटली नाही. ऊन भरपूर होतं. पण त्या तासाभरात मला जितकं एकटं वाटलं, तितकं पत्नीला मूठमाती देऊन घरी परतलो त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान घर माणसांनी भरलेलं होतं. इथे मी मागे राहिलो आहे, हे जगात कोणाला ठाऊकच नव्हतं. शेवटी ताठा संपला आणि मी हाक मारली, तेव्हा तोंडातून तिचं नाव आलं. मग मी म्हातारा माणूस त्या गोट्यांत बसून मोठ्याने रडलो.

"कोण हाय तिकडं?" खालून बाईचा आवाज आला. पदर खोचलेली, हातात विळा घेतलेली एक पन्नाशीची बाई ओहोळातून वर येत होती. मला पाहून तिने सुस्कारा सोडला. "हितं हाय व्हय. सकाळी एकोणीस वर गेली, खाली अठराच आली. गाडी बी निघून गेली. म्हटलं, एक माणूस ऱ्हायलं कुठं?"

मी चकित होऊन विचारलं, "बाई, तुम्ही आम्हाला मोजता?"

"मोजावं लागतं, बाबा. शेत माझं हाय ना. मागल्या साली तुमच्यातल्या कुणीतरी माझी दोन फुलं तोडली. दोन फुलांनी काय नाय होत, पण माणसाला सवय लागती. तवापासून तुमी आला की मी डोकी मोजते."

ती फुलं मी तोडली होती. पत्नी त्या दिवशी फार थकली होती, का ते आम्हाला अजून कळायचं होतं. तिला बरं वाटावं म्हणून, सगळे पुढे गेलेले पाहून, मी दोन शेवंतीची फुलं खुडली. चोरीची फुलं म्हणून ती मला बोलली, आणि तरी तिने ती केसांत खोवली. मी त्या बाईला हे सगळं सांगितलं. लाज वाटत होती, पण सांगितलं.

"माळली ना त्यांनी?" तिने विचारलं.

"माळली."

"मग वाया नाय गेली. आज नाय आल्या त्या?"

"उन्हाळ्यात वारली."

बाई समोरच्या गोट्यावर बसली, कमरेचं फडकं सोडून माझा घोटा घट्ट बांधला आणि म्हणाली, "लय जड गेलं असंल." आठ महिने लोक मला प्रभूची इच्छा समजावत होते. एवढं साधं वाक्य कोणी म्हटलं नव्हतं. तिच्या खांद्यावर हात टाकून मी तासभर रखडत उतरलो. तिच्या ओसरीवर चहा घेत होतो, तोच बस परत आली. वाटेत चहाला थांबल्यावर त्यांच्या लक्षात आलं होतं. सत्तरीचे मास्तर बांधावरून धावत आले. "भाऊ, तुम्ही रागावला असता तरी मी 'आणि एक' म्हणायला हवं होतं," म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना खरं सांगितलं: मला गीत ऐकू येत होतं आणि मी हाक मारली नाही. मास्तर नुसता माझा हात धरून उभे राहिले.

निघताना बाईने माझ्या हातात शेवंतीची चार फुलं ठेवली. म्हणाली, "पुढल्या वेळी पाहिजे असली तर मागा. तोडू नका."

हा चमत्कार होता का, ते मी कोणाला पटवत बसणार नाही. तिच्या दारात तुळस होती, भिंतीवर देवीची तसबीर होती. ती माझ्यासाठी नाही, फुलांसाठी मोजत होती, आणि मोजायला लागली ती माझ्याच चोरीमुळे. हरवलेलं एक मेंढरू शोधायला निघालेल्या मेंढपाळाचा दाखला मी रविवारच्या शाळेत मुलांना कितीदा शिकवला होता. शोधायला येणारा आपल्यातलाच कोणी असणार, असं मी उगाच गृहीत धरलं होतं.

पुढच्या महिन्यात पाय बरा झाल्यावर मी मास्तरांकडे गेलो आणि म्हणालो, "मला जोडीदार हवा." असं मागायची सवय नव्हती. मास्तर थोडे घुटमळले. म्हणाले, "तुम्हाला पहिल्यांदा विचारायला आले होते ते पोस्टातले गृहस्थ आठवतात? तुम्ही नाही म्हटल्यावर ते यायचेच बंद झाले. त्यांनाही कोणी नव्हतं, भाऊ."

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. दार उघडून ते माझ्याकडे बघतच राहिले. मी म्हणालो, "शनिवारी माझ्याबरोबर चालाल का?" ते चपला शोधायला लागले. शनिवारला अजून तीन दिवस होते, हे आम्हा दोघांच्याही नंतर लक्षात आलं.

घर संध्याकाळी अजूनही सुनंच असतं, ते सुनेपण गेलं असं मी म्हणणार नाही. पण शरण जाणं म्हणजे काय, हे मला त्या दिवसांत थोडंसं उमगलं. देवाने मला मागायला शिकवलं, आणि मी मागायला गेलो त्या दाराआड दुसरा कोणीतरी माझीच वाट बघत बसलेला होता. देवाचे हे उपकार मी कधी विसरणार नाही.