एका सीझनची टीम

सांगलीच्या एसटी स्टँडवर आई रडत होती आणि अण्णा माझी बॅग टपावर नीट बांधली का ते बघत होते. गाडी सुटताना ते एवढंच म्हणाले, "जिथं जाशील तिथला होऊन राहा." अण्णा, तुम्ही जन्मभर शाळेच्या पोरांना कबड्डी शिकवलीत. तुमचा शब्द मी खरा मानला.

मँचेस्टरला फिजिओथेरपी शिकलो, मग साउथ वेल्समध्ये एका रग्बी टीमकडे लागलो. टीम नवी कोरी होती. खोऱ्यातल्या दोन गावांचे जुने क्लब एकमेकांचे पिढीजात वैरी. रग्बीच्या मोठ्या लोकांनी ठरवलं की आता गावांचे क्लब पुरेत, 'रीजन' हवेत, म्हणजे अख्ख्या भागाची मिळून एकच टीम, आणि दोघांना एकत्र बांधलं. गावकऱ्यांना कोण विचारतो!

मी मेगन नावाच्या विधवा बाईंकडे पेइंग गेस्ट होतो. त्यांचा मुलगा रीस आमच्याच टीममध्ये, पुढच्या फळीत. नवी टीम दुसऱ्या गावाच्या मैदानावर खेळायची तेव्हा मेगन म्हणायच्या, "तिथं मी मेले तरी जाणार नाही." पण पोरासाठी गेल्या. आधी कोपऱ्यात तोंड पाडून बसायच्या. नाताळपर्यंत त्या गावच्या बायकांना थर्मासमधला चहा देत होत्या, त्यांच्याबरोबर गात होत्या. ते वैर विरघळताना मी बघितलंय.

जानेवारीत रीसचा गुडघा गेला. रोज सकाळी जिममध्ये मी त्याचा पाय वाकवायचो आणि तो मला शिव्या द्यायचा. मे महिन्यात तो धावायला लागला. त्याच आठवड्यात, गाडीत रेडिओ चालू असताना, बातमी आली: टीम बंद. मालकाने आपला हिस्सा विकला आणि घेणाऱ्यांनी कुलूप लावलं. आम्हाला मीटिंगला बोलावलं ते दुपारी.

चांगले खेळाडू बाकीच्या रीजन्सनी वाटून घेतले. रीसला कुणी विचारलं नाही.

"डॉक, तू सांग ना त्यांना. गुडघा बरा आहे ना?"

"बरा आहे. मी सांगितलं."

"मग काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

बघितलं कुणीच नाही. माझं वर्क परमिट टीमच्या नावावर होतं, तेही गेलं. अण्णा, तिथला होऊन राहायला 'तिथं' काही उरायला तरी हवं ना! धडपडून लेस्टरच्या हॉस्पिटलात नोकरी मिळवली. इथे बेलग्रेव्ह रोडच्या भारतीय दुकानांत सगळं मिळतं, मेथीसुद्धा. आजोबा-आजींचे गुडघे वाकवतो, ते बिचारे शिव्या देत नाहीत.

सांगलीला आलो की तुम्ही सगळे विचारता, "परत कधी जाणार?" लेस्टरचे शेजारी विचारतात, "घरी कधी जाणार?" प्रश्न एकच आहे, आणि त्याचा मला कंटाळा आलाय.

मागच्या हिवाळ्यात मेगनकडे जाऊन आलो. रीस आता एका वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. शनिवारी, मॅचच्या दिवशी, शिफ्ट मुद्दाम मागून घेतो. टीव्हीवर दुसऱ्या कुठल्या रीजनची मॅच लागली होती.

"कोण जिंकतंय?" मी विचारलं.

"मला काय करायचंय?" मेगननी टीव्ही बंद केला. "तिकडच्या बायका परवा टेस्कोच्या दुकानात भेटल्या. काय बोलावं तेच सुचेना. वैर होतं तेव्हा निदान बोलायला काहीतरी होतं." रिमोट बाजूला ठेवत म्हणाल्या, "आता शनिवारी आम्ही आपलं म्हणायचं कुणाला?"

मी निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. "घरी पोचलास की फोन कर."

लेस्टरला पोचलो, हीटरचं बटण दाबलं, फोन लावला.

"पोचलास घरी?"

"फ्लॅटवर पोचलो," मी म्हणालो.