तब्येत सुधारली म्हणे!

भाचीचा फोन आला तेव्हा मी सीताबर्डीत मेट्रोच्या जिन्यावर होते. "मावशी, लवकर ये, आईले खूप धाप लागून राहिली..." मी दवाखान्यात पोचेपर्यंत ताई गेली होती. महिना होत आला, पण अजून फोन वाजला की आधी भाचीचं नाव तर नाही ना, ते बघते.

माझी ही थोरली बहीण जन्माची किडकिडीत. "हिले घरी खायले देत नाही का?" हे ऐकून ऐकून विटलेली. गेल्या वर्षी तिचा चेहरा भरला, बांगड्या घट्ट झाल्या, तर सगळे सोयरे खूश! "काय वं, तब्येत सुधारली!" आपल्याकडे जाड होण्याला तब्येत सुधारणं म्हणतात, आता काय करता!

मला मात्र धास्ती होती. स्वयंपाकघरातून दारापर्यंत आली तरी तिला दम लागायचा, आडवी झाली की जीव घुसमटायचा. भांडून तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नडगीवर अंगठा दाबला, तर खळगा तसाच राहिला. "हे मांस नाही, पाणी आहे," ते म्हणाले. बीपीच्या गोळ्या वर्षानुवर्षं मनाला येईल तशा घेतल्या होत्या; हृदय थकलं होतं. रक्त पुढं ढकलायचा जोर कमी पडला की पाणी अंगात साचतं म्हणे. मीठ कमी, पाणी मोजून, आणि लघवी होण्याची गोळी रोज.

गोळीनं सूज उतरली. ताई पुन्हा वाळली, पण आडवी होऊन झोपू लागली, जिना चढू लागली. मी जरा निवांत झाले, तर सोयरे पुन्हा हजर! "काहून वं, किती खंगली!" ती हिरमुसायची. मी रोज फोन करून विचारायचे, गोळी घेतली का? "घेतली न वं, किती जीव खाते!"

मग रामटेकला ताईच्या पुतण्याचं लग्न आलं. मांडवात तिला पाहिलं. गाल भरलेले, चपलांचे पट्टे पायात रुतलेले.

"ताई, गोळी?"

"चूप बस वं. फोटो निघून राहिले, त्यात खंगलेली नाही दिसायचं मले. उद्यापासून घेईन न."

तिनं घेतलीही, पण तोवर फुप्फुसांत पाणी भरलं होतं. मला तिचा इतका राग येतो... आणि तिच्यावाचून करमतही नाही.

बैठकीत आता तिचा हार घातलेला फोटो आहे. भाचीनं लग्नातलाच निवडला, त्यात आई हसतेय म्हणून. भेटायला येणारे हात जोडतात, फोटोकडे बघत म्हणतात, "तब्येत तर किती छान होती न हिची! अचानक काय झालं?"

मला ओरडून सांगावंसं वाटतं, ते पाणी आहे हो, पाणी!