वाइन म्हणजे दारू नव्हे म्हणे

वाइन म्हणजे काही दारू नव्हे, असं कोणी माझ्यासमोर म्हणालं, की त्याला अजूनही एक ठेवून द्यावीशी वाटते मला.

पहिल्यांदा ते म्हणाला तो ह्यांचा शाळासोबती. काजूच्या धंद्यात हात चांगला बसला आणि ऐंशीनंतर कधीतरी त्याने रत्नागिरीबाहेर, हातखंब्याच्या रस्त्याला, परमिट रूमवालं हॉटेल काढलं. तिथे म्हणे स्टेक मिळणार होता. स्टेक म्हणजे मटणाचा थोरला तुकडा, रस्सा नाही, भाकरी नाही, सुरीने कापून खायचा. कारखान्यांचे साहेब येतील, त्यांना जेवणाबरोबर वाइन लागते, म्हणून वाइनचं कार्डही छापायला घेतलं होतं. आणि ते तपासायला त्याला अख्ख्या रत्नागिरीत आमचेच हे सापडले!

कारण हे बोटीवर स्टुअर्ड होते. साहेबांच्या टेबलावर कुठल्या जेवणाला कुठली बाटली, ते ह्यांना तोंडपाठ. पण बोटीवरून ह्यांना घरी का पाठवलं, तेही त्या मेल्याला ठाऊक होतं. दारूपायी. धक्क्यावर उतरताना पाण्यात पडले, नशिबाने वर आले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, लिव्हर खराब झालंय, पुन्हा सुरू झालं तर माणूस हाती लागायचा नाही. मग ह्यांनी ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवला आणि गुरवाच्या साक्षीने दारू सोडली. दोन पावसाळे गेले, थेंब तोंडाला लावला नव्हता.

"वहिनी, वाइन म्हणजे दारू थोडीच?" आमच्या पडवीत बसून, माझ्या हातचा चहा पीत तो म्हणाला. "बाळंतिणीला देतात ती."

आणि इथेच आमचं सगळं घर फसलं. आमच्याकडे बाळंतिणीला रक्त भरायला पोर्ट वाइन द्यायची पद्धत. घरात एरवी दारूचं नाव काढायची चोरी, पण ती बाटली फडताळात डिंकाच्या लाडवांच्या डब्याशेजारी उजळ माथ्याने उभी असायची. सासूबाई लगेच म्हणाल्या, "होय गो, मी नाही घेतली? हा झाला तेव्हा चांगली घेतली. देवीला काय एवढं कळत नाही?" त्या गुरवालाही विचारून आल्या. त्यानेही मान डोलावली, औषधाला हरकत नाही म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, बाळंतीण चमचाभर घेते आणि कूस वळवून झोपते. ह्यांनी चमच्याने कधी काय घेतलंय? पण ऐकतो कोण! मी म्हणजे तोंडाची फटकळ, नवऱ्याला मुठीत ठेवणारी.

ह्यांनी इस्त्रीचा सदरा काढून घातला, भांग पाडला. तेच मला खटकलं. म्हटलं, मीही येणार.

भर दुपारी पोचलो. टेबलावर पांढरी चादर घालून बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. ह्यांनी कार्ड हातात घेतलं आणि कितीतरी दिवसांनी ह्यांचा आवाज चढला. "ही गोड वाइन मटणापुढे कशाला लिहिलीस? ती शेवटी, गोडाबरोबर. पांढरी माशांच्या ओळीत घे आणि गार करून दे. आणि लाल उन्हात कशाला ठेवलीस रे? आंबून जाईल सगळी." खरं सांगते, ऐकून मला बरं वाटलं. बोटीवरचा हा माणूस मी कधी पाहिलाच नव्हता.

मग त्या शहाण्याने ग्लासात ओतली. "चव घेतल्याशिवाय कसं सांगणार? घोटभर घे रे. औषध आहे."

ह्यांचा हात ग्लासाकडे गेला. मालक बघत होता, त्याचा भाऊ बघत होता, आचारी बघत होता, आणि सगळे कौतुकाने बघत होते! हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत मरायला निघालाय, हे एकालाही दिसू नये? मी ग्लास ओढून घेतला आणि गटकन पिऊन टाकला.

"तुम्ही नावं वाचा," मी ह्यांना म्हटलं. "चव मी सांगते. मी दोनदा बाळंतीण झालेय, मला चालतं."

आचारी जमिनीकडे बघायला लागला. परमिट रूममध्ये बाईमाणूस, कपाळाला कुंकू आणि हातात ग्लास!

"वहिनी, हे काय भलतंच? लोक काय म्हणतील?" मालक म्हणाला.

"का हो भावोजी? औषध ना? ओता की पुढची."

ओतायला लावली त्याला. एकेका बाटलीतली मागून घेतली. ही आंबट, ही तुरट, ही म्हणजे पाणी घातलेलं कोकमाचं आगळ, असं मी बोलत गेले आणि हे खाली मान घालून कार्डावर खुणा करत गेले. घसा जळत होता, पण एका ग्लासाला ह्यांचा हात लागू दिला नाही.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले, हे शेजारी. गाडी सुटली तसे हे उठले आणि पार पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. एकदा वळून बघितलं नाही. माझं डोकंच फिरलं. कोणासाठी केलं मी हे? चार पुरुषांत अब्रू घालवली ती कोणासाठी? आणि ह्यांनाच बायकोची लाज वाटते?

उतरल्यावर भर रस्त्यात ह्यांना गाठलं. "लाज वाटली ना माझी? सांगा की तोंडावर!"

हे तोंड फिरवून उभे राहिले. "लाज नाही गो," म्हणाले. "तुझ्या तोंडाला वास येत होता. अजून थोडा वेळ शेजारी बसलो असतो, तर उतरून परत गेलो असतो तिथे."

मग घराकडे चालायला लागले, माझ्यापासून बरंच अंतर ठेवून. आणि मागे न बघताच म्हणाले, "आज तू आईजवळ झोप."